आरसी रिमोट सिम्युलेटरला कसा जोडायचा? केबल, डोंगल, फोन आणि एक मोठी खबरदारी

आरसी विमान उडवायला शिकायचंय, पण पहिल्याच दिवशी ते आपटायचं नाहीये? मग मैदानात जाण्याआधी सिम्युलेटरवर हात बसवा, असं तुम्हाला कुणीही सांगेल. सल्ला अगदी बरोबर आहे. अडचण त्यानंतर येते. रिमोट हातात आहे, लॅपटॉपवर सिम्युलेटर इन्स्टॉल केलाय, आणि दोघं एकमेकांना ओळखायलाच तयार नाहीत. ओळखलंच, तर स्टिक उजवीकडे नेली की विमान डावीकडे वळतं. नाहीतर थ्रॉटल वाढवला की विमान सरळ कोलांटी मारतं.

या लेखात आपण रिमोट कॉम्प्युटरला आणि फोनला कसा जोडायचा ते बघू. शिवाय जोडताना केलेल्या एका चुकीमुळे माझं खरं विमान कसं गेलं, तेही सांगतो. ती चूक मी सोडून अजून बऱ्याच जणांनी केलेली मला माहीत आहे, म्हणून त्या भागावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

एक शब्द आधीच ठरवून घेऊ. आपण ज्याला रिमोट म्हणतो तो म्हणजे ट्रान्समीटर. हॉबीवाले त्याला नुसतं 'रेडिओ' म्हणतात. मीही पुढे रेडिओच म्हणतोय.

कीबोर्ड किंवा गेमपॅडवर शिकलं तर चालत नाही का?

खेळायला चालतं, शिकायला नाही. कीबोर्डचं बटण एकतर दाबलेलं असतं किंवा सोडलेलं. रेडिओची स्टिक तुम्ही दोन मिलिमीटर हलवली तर विमानाचा कंट्रोल तेवढाच थोडा हलतो, आणि विमान उडवणं म्हणजे बहुतांश वेळ हे असं थोडं थोडं हलवणंच असतं. गेमपॅडच्या स्टिक छोट्या असतात आणि सोडल्या की मधोमध येतात. विमानाच्या रेडिओवर थ्रॉटलची स्टिक जिथे सोडाल तिथेच राहते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विमान तुमच्यापासून लांब जात असतं तेव्हा उजवं म्हणजे उजवंच. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की सगळं उलटं दिसतं. मेंदूला कळेपर्यंत विमान जमिनीत. यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे: विमान समोरून येत असेल तर जो पंख खाली झुकलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्या पंखाला खालून टेकू देताय. हे वाचून पाठ होईल, पण बोटांना जमायला शेकडो वेळा करावं लागतं, आणि ज्या रेडिओवर उडवणार त्याच रेडिओवर करावं लागतं. सिम्युलेटरला स्वतःचा रेडिओ जोडायचा तो यासाठी.

तुमच्या रेडिओला कोणतं पोर्ट आहे ते बघा

सगळा मार्ग यावरून ठरतो. हल्लीच्या रेडिओला यूएसबी पोर्ट असतं आणि बऱ्याचशांमध्ये एजटीएक्स नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालतं. रेडिओमास्टर, जंपर वगैरे कंपन्यांचे रेडिओ या गटातले. हा रेडिओ आधी चालू करा आणि मग केबल लावा. क्रम उलटा केलात तर रेडिओ नुसता चार्ज होत बसेल. केबल लागली की स्क्रीनवर विचारलं जातं: जॉयस्टिक, स्टोरेज की सिरियल? जॉयस्टिक निवडा. झालं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज त्याला साधा गेम कंट्रोलर समजतं. प्रश्न विचारलाच नाही, तर रेडिओच्या सिस्टम सेटिंगमध्ये 'यूएसबी मोड' शोधा. तिथे आधीच काहीतरी एक ठरवून ठेवलेलं असणार.

इथे दोन फसवे खड्डे आहेत. पहिला केबलचा. घरात पडलेल्या निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतातच. फोनचे फोटो त्याच केबलने लॅपटॉपवर येत असतील तर केबल चांगली. दुसरा पोर्टचा. रेडिओमास्टर टीएक्स १६ एसला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, वरचं डेटासाठी आणि खालचं चार्जिंगसाठी. खालच्यात केबल घालून तासभर लॅपटॉप रिस्टार्ट करत बसलेला माणूस मी पाहिलाय. (आरशात.) आणि काही रेडिओ सी-टू-सी केबलवर रुसतात. जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की तोच रेडिओ लगेच ओळखला जातो.

स्वस्त किंवा जुना रेडिओ असेल तर?

कॉलेजच्या एरोमॉडेलिंग क्लबात सर्रास दिसणारा फ्लायस्काय एफएस-आय६ घ्या. त्याला यूएसबी नाही. मागच्या बाजूला एक गोल, चार पिनांचं पोर्ट आहे. ते मुळात ट्रेनर पोर्ट. गुरूचा आणि शिष्याचा रेडिओ केबलने जोडून शिकवायची जुनी पद्धत आहे, त्यासाठीचं. इतर कंपन्यांच्या बऱ्याच रेडिओंवर हेच पोर्ट ३.५ मिलिमीटरच्या, हेडफोनसारख्या दिसणाऱ्या जॅकचं असतं. दिसायला हेडफोनचं असलं तरी त्यात हेडफोन घालू नका.

या पोर्टमधून पीपीएम नावाचा सिग्नल बाहेर येतो. कल्पना सोपी आहे. प्रत्येक चॅनलसाठी एक ठरावीक कालावधी, साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा. स्टिक मधोमध असेल तर १५००, एका टोकाला गेली की कमी, दुसऱ्या टोकाला गेली की जास्त. सगळी चॅनल एकामागोमाग एक पाठवली जातात, मग थोडा मोठा थांबा, आणि पुन्हा पहिल्यापासून. हा एक फेरा साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला पन्नासेक वेळा.

कॉम्प्युटरला ही भाषा कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. तो म्हणजे सिम्युलेटर डोंगल किंवा सिम्युलेटर केबल. हॉबीच्या दुकानात '२२ इन १' अशा नावाने मिळतं ते हेच. सोबत वेगवेगळ्या रेडिओंसाठी वेगवेगळ्या पिनांचे तुकडे असतात. डोंगलवर एक छोटं सरकतं बटण असतं. काही स्थितींत ते एखाद्या ठरावीक सिम्युलेटरच्या डोंगलची नक्कल करतं, तर 'एफएमएस' लिहिलेल्या स्थितीत साधा जॉयस्टिक म्हणून दिसतं. शंका असेल तर एफएमएसपासून सुरुवात करा. स्थिती बदलल्यावर डोंगल काढून परत लावायला विसरू नका. रेडिओच्या मेन्यूत 'स्टुडंट मोड' असेल आणि सिग्नल येत नसेल, तर तो चालू करून बघा.

इलेक्ट्रॉनिक्सची खाज असलेल्यांसाठी एक पोटरस्ता: अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो वापरून हे डोंगल घरी बनवता येतं. त्यातली एटीमेगा ३२यू४ ही चिप स्वतःच यूएसबी जॉयस्टिक असल्याची बतावणी करू शकते. उनोची मुख्य चिप ते थेट करू शकत नाही, म्हणून घरात उनो पडलाय तर त्याच्या मागे लागू नका.

वायरशिवाय जोडता येतं का?

येतं. स्पेक्ट्रमचं डब्ल्यूएस २००० हे डोंगल लॅपटॉपला लावायचं आणि विमानातल्या रिसीव्हरसारखं रेडिओशी बाइंड करायचं. एक्सप्रेसएलआरएस असलेल्या आणि आत ईएसपी ३२ चिप असलेल्या मॉड्यूलमध्ये ब्लूटूथ जॉयस्टिकचा पर्याय मिळतो. रेडिओवरच्या एक्सप्रेसएलआरएस मेन्यूतून तो चालू केला की लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीत रेडिओ दिसायला लागतो. सोय आहे, पण माझं मत विचाराल तर केबल घ्या. एक गोष्ट कमी बिघडते.

फोनला जोडायचं असेल तर

लॅपटॉप नाही म्हणून कुणी थांबू नये. अँड्रॉइड फोनला ओटीजी ॲडॉप्टरने यूएसबी रेडिओ किंवा डोंगल जोडता येतं. ओप्पो, विवो, रियलमी, वनप्लस अशा काही फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंगमधून चालू करावं लागतं, आणि काही वेळ वापरलं नाही की ते आपोआप बंद होतं. 'काल चालत होतं, आज का नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

जोडल्यावर आधी क्रोममध्ये एखादं 'गेमपॅड टेस्टर' पान उघडा आणि स्टिक हलवा. आकडे हलले म्हणजे फोनने रेडिओ ओळखला. तरीही ॲप प्रतिसाद देत नसेल तर दोष ॲपचा, कारण सगळ्या ॲपना सगळे अक्ष वाचता येत नाहीत. एफपीव्ही फ्रीरायडर हे अँड्रॉइडवरचं ॲप आरसी रेडिओ वापरता यावा अशाच विचाराने केलेलं आहे. पण ते ड्रोनचं आहे, विमानाचं नाही. त्याची डेमो आवृत्ती आधी टाका, तुमचा फोन आणि रेडिओ जमतात का ते फुकटात कळेल. आयफोनवाल्यांनी या मार्गावर फार आशा ठेवू नये. आयफोन ठरावीक गेम कंट्रोलरच ओळखतो.

फोनच्या छोट्या स्क्रीनवर लांब गेलेलं विमान मुंगीएवढं दिसतं. डोळे बारीक करून दमाल. सुरुवातीला फोन, पुढे कुणाचा तरी लॅपटॉप, असं करा.

सिम्युलेटर उघडण्याआधी तपासा

लॅपटॉपवर स्टार्टमध्ये 'गेम कंट्रोलर्स' टाइप करा आणि 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' उघडा. यादीत तुमचा रेडिओ किंवा डोंगल दिसलं पाहिजे. प्रॉपर्टीज उघडून चारही दिशांना स्टिक हलवा, पट्ट्या हलतील. इथे हलत नसेल तर सिम्युलेटरमध्ये कितीही सेटिंग उलटीपालटी करून उपयोग नाही. केबल, पोर्ट किंवा यूएसबी मोड यांपैकी काहीतरी चुकतंय. इथे हलतंय आणि सिम्युलेटरमध्ये नाही, तर सिम्युलेटरच्या कंट्रोलर यादीत दुसरंच काहीतरी निवडलेलं असणार.

एजटीएक्सच्या रेडिओवर पहिली ८ चॅनल अक्ष म्हणून जातात आणि पुढची बटणं म्हणून. म्हणजे गिअर किंवा फ्लॅपचा स्विच नवव्या चॅनलवर ठेवलात, तर तो सिम्युलेटरला बटण वाटेल.

कॅलिब्रेशन करताना आधी सगळे ट्रिम मधोमध आणा. मग सिम्युलेटर सांगेल तेव्हा दोन्ही स्टिक अगदी टोकापर्यंत फिरवा, कोपऱ्यांसकट. थ्रॉटल पूर्ण वाढवूनही सिम्युलेटरमध्ये निम्मीच पॉवर मिळतेय, ही तक्रार जवळजवळ नेहमी अर्धवट फिरवलेल्या स्टिकमुळे असते. विंडोजमध्ये एकदा आणि सिम्युलेटरमध्ये एकदा असं दुहेरी कॅलिब्रेशन करू नका. सिम्युलेटरमधलं पुरेसं आहे.

उलटं चालतंय? रेडिओला हात लावू नका

आता ती चूक.

माझ्याकडे तेव्हा सहा चॅनलचा साधा रेडिओ होता आणि डेप्रॉन शीटचं, स्वतः कापून चिकटवलेलं एक ट्रेनर विमान. डोंगल जोडलं, सिम्युलेटर सुरू केला, तर एलरॉन उलटे. स्टिक उजवीकडे, विमान डावीकडे. मी काय केलं? रेडिओच्या मेन्यूत गेलो, 'रिव्हर्स' उघडलं, पहिलं चॅनल उलटं केलं, सेव्ह केलं. सिम्युलेटरमधलं विमान शहाण्यासारखं वळायला लागलं. दोन आठवडे रोज रात्री उडवलं. लँडिंगसुद्धा जमायला लागलं.

मग रविवारी गावाबाहेरच्या माळावर गेलो. मित्राने विमान हातातून सोडलं. ते जरासं डावीकडे झुकलं. प्रोपेलरच्या ओढीने असं होतंच, घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी उजवी स्टिक दिली. ते अजून डावीकडे झुकलं. मी अजून उजवी दिली. आणि इथेच खरी गंमत आहे: सिम्युलेटरवर मी इतका सराव केला होता की विचार करायला बोटं थांबलीच नाहीत. जेवढं विमान डावीकडे, तेवढी माझी स्टिक उजवीकडे. दोन सेकंदांत नाक जमिनीत. पंख मधून तुटला, मोटरचा शाफ्ट वाकला, प्रोपेलरचे तुकडे गवतात. विमान मित्राच्या अंगावरून गेलं नाही, हे नशीब.

झालं असं होतं की मी सिम्युलेटरसाठी केलेला बदल माझ्या खऱ्या विमानाच्याच मॉडेल मेमरीत सेव्ह झाला होता. पोर्टमधून बाहेर येतो तो सिग्नल नुसत्या स्टिकचा नसतो. रिव्हर्स, एक्स्पो, मिक्सिंग, ट्रिम हे सगळं लागून तो बाहेर पडतो. सिम्युलेटरसाठी रेडिओत जे काही बदलाल, ते त्या मेमरीवर उडणाऱ्या विमानालाही लागू होतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. रेडिओत नवीन रिकामं मॉडेल बनवा आणि नाव द्या 'सिम'. एफएस-आय६ मध्येसुद्धा २० मॉडेलांची जागा आहे, कंजुषी करायचं कारण नाही. त्या मॉडेलमध्ये रिव्हर्स नाही, एक्स्पो नाही, मिक्सिंग नाही, ट्रिम शून्यावर. एजटीएक्समध्ये त्याच मॉडेलचं आतलं आणि बाहेरचं आरएफ बंद ठेवा. रेडिओची बॅटरी वाचते आणि खोलीत ठेवलेल्या विमानाला चुकूनही सिग्नल जात नाही. आरएफ बंद करता येत नसेल तर विमानाची बॅटरी काढलेली आहे ना, हे आधी बघा. सिम्युलेटरमध्ये थ्रॉटल दिला आणि टेबलावरच्या विमानाचा प्रोपेलर फिरला, तर बोटं जाऊ शकतात.

आणि उलटी दिशा? ती सिम्युलेटरमध्ये सरळ करा. जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये प्रत्येक अक्षापुढे 'इन्व्हर्ट' किंवा 'रिव्हर्स'ची खूण असते.

स्टिकच भलतीकडे लागल्या असतील, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर विमान लोळत असेल, तर तो दिशेचा नाही, चॅनलच्या क्रमाचा प्रश्न. फुताबा, फ्लायस्काय यांच्याकडे क्रम एलरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर असा असतो, तर स्पेक्ट्रमकडे थ्रॉटल पहिला. हेही सिम्युलेटरच्या मॅपिंगमध्ये बदला. त्याआधी मोड बघून घ्या. मोड २ म्हणजे थ्रॉटल-रडर डाव्या हाताला आणि एलरॉन-एलेव्हेटर उजव्या. मोड १ मध्ये थ्रॉटल-एलरॉन उजव्या हाताला. ज्या मोडवर खरं विमान उडवणार, त्याच मोडवर शिका; नंतर बदलणं म्हणजे डाव्या हाताने लिहायला शिकण्यासारखं आहे.

कोणता सिम्युलेटर?

पैसे खर्च करायची तयारी असेल तर विंडोजवर रियलफ्लाइट. विमानांची निवड भरपूर आणि उडण्याची जाणीव खऱ्याच्या बरीच जवळ. फुकट हवा असेल तर पिकासिम. तो मुख्यतः डोंगरउतारावरच्या वाऱ्यावर तरंगणाऱ्या ग्लायडरसाठी आहे, पण दिशेची सवय लावायला उत्तम. सीआरआरसीसिम दिसायला जुनाट, पण ओपन सोर्स आणि लिनक्सवरही चालतो. ड्रोन उडवायचा असेल तर लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोन बघा. विमानासाठी ते कामाचे नाहीत.

मैदानावर, बॅटरी लावल्यावर

एक तपासणी सिम्युलेटर तुमच्याकडून कधीच करून घेत नाही, कारण त्याला तिची गरज नसते. रेडिओवर 'सिम' नाही, विमानाचंच मॉडेल निवडलंय ना ते स्क्रीनवर वाचा. विमानाच्या मागे उभे राहा, कुणालातरी विमान धरायला सांगा, प्रोपेलरसमोर कुणी नको. स्टिक उजवीकडे: उजव्या पंखावरचा एलरॉन वर, डावीकडचा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली: एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे: रडर उजवीकडे. हे मोठ्याने बोलत करा, म्हणजे धरणारा मित्रही बघतो. नवीन पंखाचं विमान सोडताना माझा मित्र आता हे ऐकल्याशिवाय हात सोडतच नाही.